पप्पा ट्रायलवर आहेत

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार
संत तुकाराम नगर, पिंपरी

दादा,

जय भीम.

व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंस, फोन उचलत नाहीस, म्हणून पोस्टाने. खिडकीतल्या काकांनी विचारलं, राखी आहे का. म्हटलं काका, नोव्हेंबर चालू आहे. तुझ्या साणंदच्या हॉस्टेलचा पत्ता एका जुन्या कुरिअरच्या खोक्यावरून घेतलाय. चुकीचा असेल तर हे जो कोणी वाचतोय त्यालाही जय भीम.

पप्पा बरे आहेत. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचशील.

तू म्हणालास मी पप्पांचा उंदीर केला. उंदराला समोर बसवून कोणी समजावत नाही, दादा. हॉस्पिटलातल्या मोनिका मॅडमनी पप्पांना सगळं मराठीत सांगितलं, दोनदा. तू भांडणात अर्धंच ऐकलंस म्हणून परत लिहिते. फाउंड्रीच्या वाळूची धूळ पप्पांच्या छातीत बसलीय, फुफ्फुसं कडक होत चाललीत. सिलिकोसिस. त्याच्यावर औषध नाही. तुझ्या त्या प्रायव्हेटवाल्या डॉक्टरकडेही नाही, त्याच्याकडे फक्त एसी आहे. एक जुनी गोळी आहे, दुसऱ्याच आजाराची, कुठल्याही मेडिकलात मिळते. ती दिली तर फुफ्फुसं कडक व्हायचं थांबेल असं काही डॉक्टरांना वाटतं. वाटतं. माहीत नाही. आणि कुठली औषध कंपनी ते बघणार नाही, कारण गोळी एवढी स्वस्त की ती चालते हे कळलं तरी कोणाच्या दारात नवी गाडी उभी राहणार नाही. म्हणून सरकारी पैशावर बघतायत, त्यालाच ट्रायल म्हणतात. अर्ध्या लोकांना ती गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी, आत काहीच नसलेली. कोणाला कुठली ते मोनिका मॅडमनाही माहीत नाही.

याच्यावर तू म्हणालास, बापाला खडू खायला घालणार. मग मी जे बोलले ते बोलले. मग तू बॅग भरलीस.

तर, बरे आहेत. दर पंधरा दिवसांनी बसने जातात, गोळ्या आणतात. मॅडम विचारतात दम लागतो का, पप्पा म्हणतात नाही. खोकला? नाही. मॅडम लिहून घेतात. मग कॉरिडॉरमध्ये दोन नारंगी कोन ठेवतात, रस्त्याच्या कामावर असतात तसले, आणि घड्याळ लावून त्यांच्यामध्ये चालायला लावतात. पप्पा मागच्यापेक्षा जास्त चालतात. घरी येऊन आकडा सांगतात, तू बारावीचे मार्क सांगितले होतेस तसं.

आजकाल रात्री खुर्चीतच झोपतात. टीव्ही बघता बघता डोळा लागतो म्हणे.

आमू


२७ नोव्हेंबर
कंपनीच्या बसमध्ये, चाकणहून येताना. अक्षर हलतंय ते रस्त्याचं.

दादा,

पप्पा बरे नाहीत.

काल माझी सुट्टी होती म्हणून पहिल्यांदा त्यांच्यासोबत गेले. त्यांना नको होतं. तुला कंटाळा येईल, तू कशाला, असं बस येईपर्यंत चाललं होतं. हॉस्पिटलच्या आधीच्या स्टॉपवर उतरले. म्हटलं इथे कुठे? म्हणाले चहा पिऊ.

टपरीवर फाउंड्रीतली सगळी जुनी गँग. रहिमान चाचा पण. तुला आठवत असेल, पप्पांच्या शेजारच्या लाइनला मोल्डिंग करायचे, ईदला आपल्याकडे शेवया घेऊन यायचे आणि शेजारी उभं राहून त्या संपवायला लावायचे. तेही याच ट्रायलमध्ये आहेत. मी आहे म्हणून सगळे जरा गप्प. मग चाचांनी खिशातून निळा पंप काढला, दम्याचा असतो तो. तोंडात धरला, ओढला, शर्टाला पुसला, शेजारच्याला दिला. त्याने पुढे दिला. पप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग टपरीकडे तोंड केलं आणि ओढला. एकदा नाही.

मोनिका मॅडमनी स्पष्ट सांगितलंय, चालायच्या दिवशी सकाळपासून पंप घ्यायचा नाही. बोर्डावर लिहिलंय मोठ्या अक्षरात.

मी चाचांना म्हटलं, हे काय आहे. ते हसले. म्हणाले, "बेटा, पीस इन्स्पेक्शनला न्यायच्या आधी पुसून घेतो ना आपण? तसंच."

नंतर आत पप्पा चालले. मी बाकावर होते. चेहरा असा की काही झालंच नाही, आणि ओठ जांभळे. कोनाला वळताना हसत होते मॅडमकडे बघून. नंतर मॅडमनी विचारलं तेव्हा दम लागत नाही म्हणाले, आणि ते म्हणायला त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला.

संध्याकाळी त्यांचं अंग गरम होतं. कालच नाही, रोज असतं, हे मला तेव्हा कळलं. बाथरूममध्ये नळ सोडून खोकतात.

आणि मागच्या पत्रातलं टीव्हीचं खोटं होतं. आडवं झालं की त्यांना श्वास मिळत नाही. टीव्ही बंद असतो.

मोशीचा सिग्नल. थांबते.


३० नोव्हेंबर, रविवार

दादा,

हे नीट वाच. तुझा संबंध आहे.

आज सकाळी पप्पांना समोर बसवलं. आधी आवाज चढवला, मग रडले, मग पोहे केले. पोहे खाताना पप्पा बोलले.

तुला माहितीये मी क्वालिटीला आहे. आमच्याकडे नवा व्हेंडर आला की आधी ट्रायल लॉट पाठवतो. ट्रायल लॉट कायम चकाचक. निवडून, घासून, कागदात गुंडाळून. आम्ही ओके देतो. मग खरा माल सुरू होतो आणि त्यात ब्लो होल, क्रॅक, काय काय. मी पप्पांना तेच म्हणाले. तुम्ही स्वतःचा ट्रायल लॉट करून नेताय, डॉक्टरांना खरा माल कधी दिसणार?

तर माझ्याकडे असं बघायला लागले की मीच वेडी. म्हणाले, "मग ट्रायलमधी काय, आजारी हाय म्हणून सांगू? काढतील ना."

मी विचारलं, कशातून काढतील.

म्हणाले, ट्रायलमधून.

दादा, त्यांना ट्रायल म्हणजे ट्रायल वाटतेय. कंपनीतली. नवा माणूस ट्रायलवर घेतात, बघतात, चांगला चालला तर ठेवतात, खोकला, बसला, दमलो म्हणाला तर गेटपास काढून घेतात. हॉस्पिटलातल्या लोकांना ही गोळीची परीक्षा वाटतेय, आणि इकडे हे सगळे स्वतःची परीक्षा देतायत. जो चांगला चालेल त्याला पुढे खरी गोळी, कायमची. जो दमला त्याला ब्रेक, म्हणजे घरी. टपरीवर सगळ्यांचं हेच ठरलंय. पप्पांना अख्ख्या फाउंड्रीत ब्रेकशिवाय काही मिळालं नाही, कंत्राटदार बदलले, हे तिथेच. आता म्हातारपणी पहिल्यांदा कोणीतरी नाव, फोटो, कार्ड देऊन आत घेतलंय, आणि ते काही करून परमनंट व्हायचं म्हणतायत.

मी म्हटलं हे तुम्हाला कोणी सांगितलं. मॅडमनी?

पोहे चिवडत बसले. मग म्हणाले, धम्माने.

तू जाताना दारात काय बोललास, आठव. मला आठवलं. बुटाची लेस बांधत, मान खाली घालून. आयुष्यभर ट्रायलवर होता पप्पा, आता परत ट्रायलवर. बघा या वेळी तरी पास होताय का.

तू टोमणा मारलास. त्यांनी सल्ला म्हणून घेतला. कारण पोरगा चाकणला दोन कंपन्यांत ट्रायलवर राहून आलाय, त्याला माहीत असणार.

मी समजावलं. खूप. मान हलवत होते. मग म्हणाले, मॅडम पण गोडच बोलते, एचआर पण गोडच बोलायची. आणि तू हॉस्पिटलात काही सांगितलंस तर मी तिथे परत पाय ठेवणार न्हाई.

फोन कर त्यांना. माझ्याशी बोलू नकोस. त्यांना कर.


७ डिसेंबर, रविवार

दादा,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं का तेही माहीत नाही, तरी मी लिहितेय, म्हणजे मी आता भिंतीशी बोलणारी बाई झाले.

काल सहा डिसेंबर. पप्पा दादरला गेले नाहीत. आई गेली त्या वर्षीही गेले होते, लॉकडाऊन सोडलं तर कधी चुकलं नाही. या वर्षी म्हणाले, गुडघा दुखतोय, गर्दी फार असते. घरातच फोटोपुढे मेणबत्ती लावली. खाली वाकले आणि वर यायला वेळ लागला. मी दुसरीकडे बघितलं. मला वाटतं, त्यांना कळलं मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

मी मोनिका मॅडमना सांगितलं.

शुक्रवारी शिफ्ट संपल्यावर गेले. पप्पांना न सांगता. मला वाटलं होतं चिडतील, नाव कापतील. त्यांनी पेन बंद केलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे सगळ्यांनाच बरं वाटतंय, आम्रपाली. प्रत्येकाला. आणि अर्ध्यांच्या गोळीत काहीच नाही. मी तीन महिने विचार करतेय की हे कसं."

नंतर जे सांगितलं ते मला बसमध्ये समजलं, नाशिक फाट्याला, उभ्याने. बघ. गोळी चालते की नाही हे कशावरून कळणार? खऱ्या गोळीवाले आणि रिकाम्या गोळीवाले, यांच्यात फरक दिसला तर. आता सगळेच पंप मारून चालतात, सगळेच बरं आहे म्हणतात, मग फरक कुठून येणार? गुरुवारी मोठी तपासणी आहे. त्याचे आकडे दिल्लीला जाणार, तिथली कमिटी बघणार. फरक नाही दिसला तर म्हणतील गोळीत दम नाही, पैसा बंद. आणि एकदा बंद झालं की परत कोण बघणार? कंपन्यांना तर नकोच आहे. गोळी खरंच चालत असेल तरी मेली.

म्हणजे ट्रायलमधून काढू नये म्हणून हे सगळे जे करतायत, त्यानेच ट्रायल बंद पडणार. मला हसू आलं. शेजारच्या बाईने पर्स सरकवून घेतली.

पण दादा, मला ट्रायलचं पडलेलं नाही, खरं सांगते. मला तापाचं पडलंय. मॅडमना ताप सांगितल्यावर त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, या छातीत टीबी फार लवकर घुसतो. आत्ता पकडला तर औषध आहे, खात्रीचं. उशीर झाला तर अशा फुफ्फुसात मग काही हातात राहत नाही. सोमवारीच घेऊन या.

उद्या आणायला पप्पा तयार पाहिजेत. मी सुचवून बघितलं, नुसतं थुंकी तपासू म्हटलं, तर उठून गॅलरीत गेले. गुरुवार झाला की बघू म्हणाले. पास झालो की. क्रोसिनची पाकिटं गादीखाली ठेवतायत आता.

हे पत्र स्पीड पोस्टने टाकतेय. तुझ्या कंपनीच्या गेटवर पण फोन केला. सिक्युरिटीवाला म्हणाला, कौन धम्मरत्न, यहाँ सब नंबर से है. नंबर मला माहीत नाही. निरोप ठेवलाय: घर फोन करो, पिताजी. एवढंच. तो म्हणाला, मर गए क्या? म्हटलं नाही. अजून.

ते मी असं म्हणायला नको होतं.


१२ डिसेंबर, शुक्रवार
घरी. आज रजा टाकलीय.

दादा,

तू बुधवारी फोन केलास हे मला पप्पांनी सांगितलं नाही. चाचांनी सांगितलं. पप्पांना फाउंड्रीमुळे कमी ऐकू येतं, फोन कायम स्पीकरवर, आणि ते पिंपरी कॅम्पात चाचांच्या पोराच्या गॅरेजवर बसले होते. त्यामुळे तू जे बोललास ते चाचा, त्यांचा पोरगा आणि एक स्कूटरवाला गिऱ्हाईक, सगळ्यांनी ऐकलं. तू म्हणालास, ते मी रागात बोललो होतो पप्पा, तिथे पास-बिस काही नसतं. पप्पा म्हणाले, आमूनेच फोन करायला सांगितला ना. तू हो म्हणालास. खोटं नाही बोललास, बरं झालं. मग तू विचारलंस, दम लागतो का तुम्हाला.

चाचा म्हणाले, तुझा बाप एवढा वेळ गप्प बसला की आम्हाला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, लागतो.

आता काल.

सकाळी त्याच स्टॉपवर उतरलो. टपरी, गँग, चहा. चाचांनी पंप काढला, स्वतः ओढला, पप्पांपुढे धरला. पप्पांनी हात पुढे केला. त्यांनी चाचांच्या हातातला चहा घेतला. चाचा म्हणाले, साहेबराव, वो मेरा है. पप्पा म्हणाले, असू दे.

पंप बाजूला राहिला. मला अजून माहीत नव्हतं ते आत जाऊन काय करणार.

आत कॉरिडॉर, दोन कोन. मोनिका मॅडम घड्याळ घेऊन. मला त्यांनी बघितलं पण ओळख दाखवली नाही. पप्पांनी शर्ट नीट खोचला. निघाले. पहिल्या कोनापर्यंत बरे गेले. वळले. येताना हळू झाले. माझ्यासमोरून जाताना बघितलं नाही माझ्याकडे. दुसऱ्यांदा वळताना हात भिंतीला गेला. मला माहितीये तो हात कसा जातो, घरी गॅलरीत जातो तसा, जणू सहज टेकलाय. मी म्हटलं झालं, आता हसणार आणि पुढे रेटणार.

ते थांबले.

मॅडम काही बोलल्या नाहीत, नियम असतो, बोलायचं नाही. घड्याळ चालू. पप्पा भिंत धरून उभे, मागे आमची सगळी टपरी रांगेत बघतेय. मग ते खुर्चीकडे गेले, बसले, आणि म्हणाले, "दम लागला. लिहा मॅडम. न्हाई जमत."

दादा, हा माणूस न्हाई जमत म्हणालाय कधी? भट्टीजवळ चक्कर येऊन पडला त्या दिवशीही दुसऱ्या शिफ्टला थांबला होता.

नंतर मॅडमनी सगळं विचारलं आणि त्यांनी सगळं सांगितलं. ताप. खोकला. खुर्ची. पंप पण. पंपाचं सांगताना चाचांकडे बघितलं, चाचा छताकडे बघत होते. सांगून झाल्यावर पप्पांनी खिशातून ट्रायलचं ते कार्ड काढलं, फोटोवालं, आणि टेबलावर ठेवलं. गेटवर गेटपास ठेवतात ना शेवटच्या दिवशी, तसं. मॅडमच्या दिशेला सरकवलं पण.

मॅडमना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी कार्ड परत सरकवलं. म्हणाल्या, काका, इथे एकदा आत घेतलं की नाव काढता येत नाही. आजारी पडलात, गोळी बंद करावी लागली, चालता नाही आलं, काहीही झालं तरी शेवटपर्यंत तुमचं नाव धरूनच हिशोब करायचा. तो नियमच आहे. नाव काढलं तर आमचंच सगळं खोटं ठरतं.

पप्पांनी विचारलं, कोणालाच काढत न्हाई?

"कोणालाच नाही."

"म्हणजे परमनंट."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, हो काका. परमनंट.

मग मागून चाचा पुढे आले. म्हणाले, मॅडम, मेरा भी वापस लिखो, मी सकाळी दोनदा ओढलाय. त्यांच्या मागे अजून एक जण. मॅडमनी कोन उचलून ठेवले, म्हणाल्या ज्यांनी ज्यांनी ओढलाय त्यांनी सोमवारी परत या, आज चालायचं नाही. दिल्लीला आकडे उशिरा जाणार. मागच्या महिन्यांचे आकडे बिघडलेत हेही त्यांना लिहून कळवावं लागणार. त्यावर पैसा चालू राहील की नाही, त्यांना माहीत नाही. त्यांनी तसंच सांगितलं, माहीत नाही म्हणून.

काल पप्पांची थुंकी तपासायला घेतली होती, आज दुपारी रिपोर्ट आला. टीबी आहे. बस खाली, मग वाच. नेहमीचा आहे, औषधाला ऐकणारा, आणि मॅडम म्हणाल्या वेळेत आलात. ठरलेल्या गोळ्या आहेत, यांच्यात रिकामी कुठली नसते. ट्रायलची गोळी तूर्त बंद. ती खरी होती का खडू, अजून कोणाला माहीत नाही. पप्पा म्हणतात खरीच असणार, चव कडू होती.

आता खुर्चीत बसलेत. मी तुला लिहितेय हे त्यांना दिसतंय. मगाशी म्हणाले, धम्माला कळव, बाप परमनंट झाला. जरा वेळाने म्हणाले, भिंत धरली ते नको कळवू.

मी दोन्ही कळवतेय, दादा. नुसतं पहिलं पाठवलं असतं तर तो ट्रायल लॉट झाला असता.

आमू